लाल डब्यातलं गोचुजांग घ्या, बाटलीतलं मॅरिनेड राहू द्या

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. घरी कोरियन स्टाईलचा झटपट बीफ-भात करायचा असेल तर त्या तयार मॅरिनेडच्या, म्हणजे मांस मुरवायच्या सॉसच्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका, गोचुजांगचा म्हणजे कोरियन मिरची पेस्टचा अर्ध्या किलोचा लाल डबा घ्या, एक चांगला सोया सॉस घ्या आणि भाजलेल्या तिळाच्या तेलाची छोटी बाटली घ्या, बस. या तीन वस्तूंवर गेलं वर्षभर आमच्याकडे दर आठवड्याला एकदा तरी हा भात होतो, भात कुकरला लावल्यापासून ताट हातात येईपर्यंत पाऊण तास, त्यातलं प्रत्यक्ष हाताचं काम वीस मिनिटांचं.

मी मूळची वसईची, ख्रिश्चन घरातली, आता न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. आमच्या घरी बीफ लहानपणापासून होतं त्यामुळे इथे आल्यावर ते शिजवायला शिकावं लागलं नाही, पण आपली पद्धत म्हणजे मसाला, कांदा-खोबरं, तास-दीड तास मंद आचेवर, ऑफिस सुटून सहा वाजता घरी आल्यावर कोण करणार ते. म्हणून हे कोरियन प्रकरण सुरू झालं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने डब्यात आणलेलं त्याने चाखलं आणि घरी येऊन तीन दिवस तेच बोलत होता.

पहिल्यांदा मी पण तयार बुलगोगी सॉसची (बुलगोगी म्हणजे त्यांचं मुरवून परतलेलं मांस) मोठी बाटली आणली, कंपनीचं नाव घेत नाही कारण तशा दहा कंपन्यांच्या आहेत. मांस त्यात बुडवून ठेवलं, कढईत टाकलं, आणि दोन मिनिटांत सगळं पाण्यात पोहायला लागलं. ते पाणी आटेपर्यंत मांस चिवट झालं आणि चव नुसती गोड, साखरेच्या पाकात सोया सॉस घातल्यासारखी. नंतर बाटली फिरवून मागचं वाचलं तर पाणी आणि साखर हेच पहिले दोन घटक, लसूण कुठेतरी शेवटी. पोराने दोन घास खाऊन ताट सरकवलं, जो एरवी खिमा-पाव आवडीने खातो तो. बाटली अर्धी तशीच फ्रीजच्या दारात राहिली आणि शेवटी टाकून दिली, अन्न टाकायला मला जिवावर येतं पण दुसरा इलाज नव्हता.

मग एच मार्टला गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे अमेरिकेतलं कोरियन किराणा दुकान, 1982 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वुडसाईडला एक छोटं दुकान म्हणून सुरू झालं आणि आता सगळीकडे आहे. नावातला एच म्हणजे हान आ रूम, त्याचा अर्थ कवेत मावेल एवढा किराणा, एक कवभर. मला हे नाव फार आवडतं. तिथे सॉसच्या रांगेत एक अख्खी भिंत लाल डब्यांची असते आणि पहिल्यांदा माणूस गोंधळतोच, म्हणून सांगते काय बघायचं ते.

गोचुजांग म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट. मिरची पूड, चिकट तांदूळ, मेजू म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचं मोड आणून केलेलं माल्ट आणि मीठ, हे सगळं एकत्र करून पूर्वी ओंगी नावाच्या मातीच्या रांजणात भरून अंगणात उन्हात महिनोनमहिने ठेवायचे. घरामागच्या ओट्यावर रांजणांची रांग असायची, त्या जागेला कोरियनमध्ये वेगळं नाव आहे, जांगदोकदे. आपल्याकडे माळ्यावर लोणच्याच्या बरण्या आणि उन्हाळ्यात अंगणात वाळवण, तशातलंच. आमच्या वसईत मे महिन्यात मिरच्या वाळवून भाजून कुटून वर्षाचा मसाला भरतात तेव्हा आख्ख्या आळीला शिंका येतात, तो वास ज्याने घेतलाय त्याला गोचुजांगचा डबा उघडल्यावर काय वाटेल ते मी सांगायची गरज नाही. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने ही जांग, म्हणजे असे आंबवलेले सॉस आणि पेस्ट, बनवायची कोरियन परंपरा त्यांच्या वारशाच्या यादीत घेतली, आणि ते योग्यच झालं, कारण बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली गोष्ट आहे ती.

डबा कुठला घ्यायचा तर सगळ्या दुकानांत हमखास दिसणारे दोन, सीजे कंपनीचं हेचंदल आणि चुंग जंग वनचं सनचांग. सनचांग हे कोरियातल्या एका गावाचं, म्हणजे तालुक्याएवढ्या भागाचं नाव आहे, गोचुजांगसाठी प्रसिद्ध, आपल्याकडे कोल्हापुरी गूळ म्हटल्यावर जसं वजन येतं तसं त्या नावाला आहे. मी दोन्ही वापरलेत, दोन्ही चांगले, मला सनचांगवालं जास्त आवडतं, थोडं खोल लागतं. डब्यावर तिखटपणाची पट्टी असते, पाच पायऱ्यांची, जीएचयू म्हणजे तिखटपणाचं माप लिहिलेलं असतं, 30 च्या खाली म्हणजे सौम्य, 45 ते 75 मध्यम, 100 च्या वर म्हणजे सगळ्यात तिखट. मराठी जिभेला मध्यमवालं घ्या, लहान मुलं खाणार असतील तरी चालतं कारण हे आपल्या लवंगी मिरचीचं तिखट नाही, ठेचा खाणाऱ्या माणसाला तर हे गोडसरच वाटेल, आधी गोड मग खारट मग मागून हळूहळू तिखट असं येतं. एक मात्र सांभाळा, बहुतेक डब्यांत गहू असतो त्यामुळे घरात कोणाला ग्लूटेन चालत नसेल तर मागचं नीट वाचूनच घ्या, गव्हाशिवायचे पण मिळतात.

मी सात-साडेसात डॉलरला घेते, सेल असला तर कमी. एका वेळी दीड मोठा चमचा लागतो, दर आठवड्याला केलं तरी डबा चार महिने पुरतो. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि कोरड्या चमच्यानेच काढायचा, लोणच्याचा नियम.

सोया सॉसबद्दल थोडं जास्त बोलणार आहे कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. कोरियन सोया सॉसमध्ये एक गुक-गानजांग असतो, तो सूपसाठीचा, रंगाने फिका पण मीठ जास्त. मला वाटलं फिका आहे म्हणजे सौम्य असेल म्हणून नेहमीच्या मापाने घातला आणि अख्खं पातेलं खारट झालं, भात दुप्पट करून वाढला तेव्हा कुठे खाल्लं गेलं. या भातासाठी यांगजो-गानजांग किंवा जिन-गानजांग असं लिहिलेला घ्यायचा. मी सेम्पिओचा वापरते, 1946 पासूनची कंपनी आहे, आणि खरंच तो नुसता भातावर दोन थेंब घालून खाल्ला तरी कळतं की नुसतं खारट पाणी नाही. घरात जपानी सोया सॉस असेल तर तोही चालेल, पण आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर असतो तो काळा दाट सॉस नको.

आणि तिळाचं तेल. आपलं तिळाचं तेल आणि हे एक नाही हो. आपलं कच्च्या तिळाचं, फिकं, त्यात आपण तळतो फोडणी करतो. हे आधी तीळ भाजून काढलेलं, रंग गडद तपकिरी, वास असा की झाकण उघडलं की संक्रांतीच्या लाडवांसाठी तीळ भाजल्यासारखं घर होतं. ते गरम करत बसायचं नाही, गॅस बंद केल्यावर शेवटी दोन छोटे चमचे, नाहीतर वास उडून जातो आणि पैसे वाया.

आता करायचं कसं ते.

450 ग्रॅम खिमा, इथे पाकिटावर 85/15 असं लिहिलेलं असतं म्हणजे पंधरा टक्के चरबी, तो घ्या, 93 वाला घेऊ नका, कोरडा भुग्यासारखा होतो. एका वाटीत तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड मोठा चमचा गोचुजांग, दीड चमचा गूळ किंवा ब्राऊन शुगर, सात-आठ लसूण पाकळ्या किसून, इंचभर आलं किसून. गोचुजांग आधी सोया सॉसमध्ये चमच्याने दाबून दाबून विरघळवून घ्यायचं, हे आधी करा, कारण ते घट्ट असतं आणि थेट कढईत टाकलं तर गोळेच्या गोळे राहतात आणि एका घासाला नुसतं मीठ-तिखट येतं. मी पटेल ब्रदर्स या इथल्या भारतीय किराणा दुकानातला गूळ घालते, साखरेपेक्षा छान लागतो, हा माझा स्वतःचा बदल आहे कोणी कोरियन माणूस करत असेल असं नाही.

बिडाची कढई किंवा तवा चांगला तापू द्या, धूर यायला लागेल इतका, चमचाभर साधं तेल, आणि खिमा टाकून पसरून द्या आणि मग हात लावू नका. खरंच हात लावू नका. दोन-तीन मिनिटं. आपल्याला सवय असते टाकल्या टाकल्या परतायची, मग मांस पाणी सोडतं आणि उकडलं जातं. तसंच राहू दिलं की आधी फसफस असा ओला आवाज येतो, मग तो बदलतो, कोरडा तडतड असा होतो आणि कडेने तपकिरी दिसायला लागतं, तो आवाज बदलला की मगच उलथन घालायचं आणि फोडायचं. तुकडे लालसर तपकिरी, थोडे कुरकुरीत झाले पाहिजेत. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आता टाका, मिनिटभर परता, जास्त चरबी सुटली असेल तर चमचाभर ठेवून बाकीची काढा. खिमा आतून गुलाबी ठेवायचा नाही, तो स्टेक नाही, दळताना बाहेरचं सगळं आत गेलेलं असतं, 71 डिग्री सेल्सियसपर्यंत गेलाच पाहिजे, आणि असा चांगला परतला की जातोच.

मग वाटीतला सॉस, आणि आता आच कमी, कारण गूळ आहे तो करपतो. दोन मिनिटांत सॉस खिम्याला धरतो, चमकायला लागतो, कढईच्या तळाशी चमचा फिरवला की रेघ उमटते आणि लगेच मिटत नाही. गॅस बंद, तिळाचं तेल, भाजलेले तीळ, पातीचा हिरवा भाग. झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी की हा अस्सल कोरियन पदार्थ म्हणून कोणाला सांगू नका. बुलगोगी म्हणजे अक्षरशः आग आणि मांस, बुल म्हणजे आग आणि गोगी म्हणजे मांस, आणि ते पातळ कापांचं असतं, सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेल्या नासपतीत मुरवलेलं, त्यात गोचुजांग नसतंच मुळी. गोचुजांगमध्ये परततात ते जास्त करून डुकराचं मांस, जेयुक बोक्कम म्हणतात. खिम्याची ही वाटी अमेरिकेतल्या घरांत रुळलेली सोय आहे. पण खिमा आणि गोचुजांग हे लग्न कोरियन लोकांनी लावलेलंच आहे, बिबिंबापवर म्हणजे त्यांच्या भाज्या घातलेल्या भातावर घालायला बीफचा खिमा गोचुजांगमध्ये परतून ठेवतात, याक-गोचुजांग म्हणतात त्याला, त्यामुळे अगदीच परकं काही नाही.

शनिवार-रविवारी वेळ असला की मी खऱ्या पद्धतीच्या जवळचं करते. एच मार्टच्या मांसाच्या काऊंटरला बुलगोगीसाठी म्हणून कागदासारखे पातळ काप केलेले मिळतात, रिबआय किंवा जरा स्वस्त चक. आणि तिथेच कोरियन नासपती, एकेक फळ पांढऱ्या फोमच्या जाळीत घातलेलं, नारळाएवढं नाही पण मोठ्या पेरूएवढं तरी, कापलं की पाणी टपकतं. अर्धी किसून अर्ध्या किलो मांसाला लावायची, अर्धा तास. नासपतीने मांस मऊ पडतं, आपण कच्ची पपई लावतो त्याच कारणासाठी. नासपती नाही म्हणून किवी घालायचा सल्ला सगळे देतात, तो खरा आहे पण किवी फार जोरदार, मी एकदा अख्खा घालून दोन तास ठेवला तर कापांचा लगदा झाला, उचलताच तुटत होते, त्यामुळे एक छोटा चमचा आणि वीस मिनिटं, त्यापुढे नाही. आणि कढईत टाकताना थोडे थोडे टाका, सगळे एकदम टाकले की परत पाण्याची तीच गोष्ट.

भाताचं बोलू, कारण अर्धी वाटी तर भाताचीच असते आणि लोक तिथेच चुकतात. बासमती नको. सुटासुटा भात आणि हा सॉस एकत्र येतच नाहीत, सॉस खाली उतरतो आणि वरचा भात कोरडा. इथे कोरियन आखूड दाण्याचा तांदूळ मिळतो किंवा कॅलिफोर्नियाचा कॅलरोज, तो घ्या, तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, आणि पाणी तांदळाच्या जेमतेम सव्वापट. पुण्या-मुंबईत असाल तर शोधत बसू नका, इंद्रायणी आहे ना घरात! मावळातला इंद्रायणी जो मऊ आणि किंचित चिकट होतो तो या कामाला एकदम चपखल, मी वसईला गेले तेव्हा इंद्रायणीवर अंडं आणि गोचुजांग घालून सगळ्यांना दिलं होतं तेव्हाच लक्षात आलं. कोरियन लोक भात चमच्याने खातात, काड्यांनी नाही, तेव्हा काड्या नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

बरोबर काय, तर एक अंडं, कडा कुरकुरीत आणि बलक पातळ, ते फोडून भातात मिसळलं की तिखटाची धार मऊ होते. आणि काकडी. काकडीच्या चकत्या करून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या, पिळून पाणी काढायचं, मग व्हिनेगर, चिमूटभर साखर, तीळ आणि गोचुगारू म्हणजे त्यांची भरड मिरची, ओई मुचिम म्हणतात. गोचुगारू नसेल तर ब्याडगी मिरची भरड कुटून घातली तर रंग तरी तोच येतो आणि तिखटही जास्त होत नाही. काकडी पिळून घ्यायची ही आपल्या खमंग काकडीची सवय इथे उपयोगी पडते. किमची असेल तर उत्तमच पण ती विकतची आणते, तो विषय वेगळा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी विचारायच्या आधीच सांगते. तिथे 2015 च्या कायद्यापासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीचं मांस चालतं, आणि म्हशीचा खिमा या कामाला छान होतो, फक्त चरबी कमी असते म्हणून तेल दोन चमचे जास्त आणि परतताना वेळ थोडा जास्त. बीफ खात नसाल तर चिकनचा खिमा घ्या, गूळ अर्धा करा कारण चिकनला गोडपणा जास्त जाणवतो. माझी एक मैत्रीण नागपूरची, पूर्ण शाकाहारी, तिच्यासाठी मी घट्ट टोफू कापडात बांधून वर वरवंटा ठेवून पाणी काढते, मग हाताने कुस्करते आणि बारीक चिरलेल्या मशरूमबरोबर त्याच कढईत तशीच वाट बघत परतते. सॉस तोच. तिने दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि जाताना डब्याचा फोटो काढून नेला. अंडं नको म्हणाली, तर भाजलेल्या नोरीचे, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदासारख्या पापडीचे, तुकडे घातले.

गुण द्यायचे तर गोचुजांगला पाचपैकी पाच, मनापासून. त्या बाटलीतल्या मॅरिनेडला दीड, तेही कोणी होस्टेलला राहत असेल आणि लसूण सोलायचीही सोय नसेल तर.

उरलेला खिमा दुसऱ्या दिवशी पोराच्या डब्यात पोळीत गुंडाळून जातो, सोबत काकडी. जूनमध्ये वसईला जाणार आहोत, दोन डबे नेणार आहे, मम्मीला तिच्या कढईत म्हशीच्या खिम्याचं करून घालायचंय. तिचं एकच म्हणणं आहे की मिरचीची पेस्ट गोड कशी असेल, आणि फ्रीजमध्ये जागा करून ठेव म्हणून मी तिला आत्तापासून दोनदा फोनवर सांगितलंय.